रीड किती, पीक किती

विट्यात आमच्या गल्लीत सगळे मोठ्यानंच बोलतात,
घराघरात माग चालू म्हणून.
मिरजेच्या डॉक्टरांच्या खोलीत
रेवण नेहमीसारखा बोलला
तर बाहेरचा शिपाई दार उघडून डोकावला.

पडद्यावर त्याचं काळीज,
राखाडी, उघडमीट करणारं.
दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं डॉक्टरांनी:
महाधमनी, मुळाशी, चार पूर्णांक सहा.
मग म्हणाले, आपलंच मनगट धर.
धरलं. अंगठा करंगळीवर चढला,
चांगला पेरभर.

या बोटांचं आम्ही कौतुक केलं होतं.
मागाच्या पलीकडचा तुटला धागा
अलीकडूनच सांधणारा रेवण.
शाळेत बांबू.
माझ्या लग्नाच्या फोटोत मागच्या ओळीत,
डोकं कापलेलं.

फायब्रिलिन म्हणून एक प्रथिन असतं, डॉक्टर सांगत होते,
पेशीच्या आत नाही,
बाहेर, पेशीपेशींच्या मधल्या जागेत.
अंगाला साखर चिकटलेलं,
बारीक धागे होऊन राहतं.
त्याच्या आधारानं रक्तवाहिनी ताणते, परत जागेवर येते.
तुमचं ते जन्मापासून कच्चं आहे.
रेवण म्हणाला, म्हणजे खळ नीट बसली नाही.
डॉक्टर हसले. साधारण तसंच.

साधारण तसंच कसं?
तासगाव मागं पडलं तरी एसटीत माझं तेच चाललं होतं.
बाणा तुटला की माग आपोआप थांबतो,
आडव्या धाग्यावर काटा असतो पहाऱ्याला.
ताणा तुटला तर थांबत नाही.
धोटा येत-जात राहतो, कापडात रेघ पडत जाते,
कुणीतरी उभं राहून बघावं लागतं.
आणि बघणाऱ्याच्या डोळ्यातलं भिंगसुद्धा
त्याच धाग्यांनी टांगलेलं असतं म्हणे.
रेवणचं डावीकडचं सरकलंय.

अप्पा बेचाळिसाव्या वर्षी मागावरच गेले.
पाठीत काहीतरी फाटलं, म्हणाले.
फाटलं, हा त्यांचाच शब्द.
कुणी उष्मा म्हणालं, कुणी करणी,
आईनं चौंडेश्वरीचे शुक्रवार धरले.
माग चालूच होता. मी जाऊन बंद केला.
त्या ताग्यात हातभर रेघ निघाली,
व्यापाऱ्यानं पैसे कापले.

बीम उचलायचा नाही. रात्री एक गोळी.
दर वर्षी पडद्यावर काळीज.
पाचच्या पुढं गेलं तर ऑपरेशन,
फुगलेला भाग काढून तिथं नळी बसवतात.
कशाची?
कापडाची. पॉलिस्टर. विणलेली असते.
आणि माझा भाऊ,
ज्यानं तोवर मान वर केली नव्हती,
खुर्चीत पुढं सरकला,
विट्याच्या आवाजात म्हणाला,
रीड किती, पीक किती?

डॉक्टरांना माहीत नव्हतं.
बघून सांगतो म्हणाले.
चिठ्ठीवर लिहूनसुद्धा घेतलं.

घरी कांड्या भरायच्या पडल्या होत्या.
ईश्वरी अभ्यास सोडून शेजारी येऊन बसली.
वर्गात ती सगळ्यांत उंच,
बाई शेवटच्या बाकावर बसवतात.
पाठीला बाक नको म्हणून मी सारखी ओरडते.

माझं मनगट मी एसटीतच धरून पाहिलं होतं.
अंगठा करंगळीला टेकला, नुसता टेकला.
टेकला म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं.

जरा हात बघू, म्हटलं, बांगड्यांचं माप घ्यायचंय.
नाही, तूच धर. तुझ्याच हातानं.
तिला हसू आलं. असं कुठं माप घेतात?
तरी तिनं धरलं.
मी चरखा थांबवला नाही,
सूत कांडीवर चढत होतं, नजर तिथंच ठेवली.

किती आलं, ती विचारत होती.
आई, बघ ना,
किती आलं?